गुरुत्वाकर्षण : दहावीचा पहिला धडा, पनवेलच्या खाडीकाठी

पनवेल : माथेरानच्या डोंगररांगेत उगम पावणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीला येऊन मिळते. डोंगरावरचे पाणी खाली येते ते गुरुत्वाकर्षणामुळे. आणि त्याच खाडीचे पाणी दिवसातून दोनदा वर चढते, तेही गुरुत्वाकर्षणामुळेच. पहिल्या गोष्टीला पृथ्वी कारण, दुसरीला मुख्यत्वे चंद्र. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकातील पहिलाच धडा या बलाचा आहे. सूत्र बहुतेकांना पाठ असते; अडते ते त्याचा अर्थ लावताना.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हा नियम मांडला. विश्वातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आकर्षित करते. हे बल दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती आणि त्यांच्यातील अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असते. अंतर दुप्पट झाले की बल चौथाईवर येते, तिप्पट झाले की नवव्या हिश्श्यावर. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवले आहे आणि त्याचा अभिमान सार्थच आहे. मात्र अंतरानुसार ओढ किती घटते, याचे गणित त्यात नाही. ते न्यूटन यांचे. दोघांच्या श्रेयाची सरमिसळ करण्याचे कारण नाही.

परीक्षेत हमखास गुण जातात ते वस्तुमान आणि वजन यांच्या गोंधळात. वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय; तो कुठेही बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तूवरील गुरुत्वीय बल. वाण्याच्या तागडीत मापाशी तुलना होते, म्हणून ती चंद्रावरही किलोचा किलोच दाखवील. तानकाटा मात्र तेथे सहाव्या हिश्श्यावर येईल. साठ किलो वस्तुमानाच्या विद्यार्थ्याचे वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन, चंद्रावर ९७ न्यूटन.

पुस्तकातील ९.८ हे गुरुत्व त्वरणही सरासरी आहे. ध्रुवांवर ते ९.८३, विषुववृत्तावर ९.७८ आणि पनवेलच्या अक्षांशावर सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग भरते. उंचीनुसार ते कमी होते, पण फारच थोडे. हाच विद्यार्थी पनवेलहून माथेरानला चढला, तर त्याचे वजन जेमतेम दहा-पंधरा ग्रॅमच्या वजनाएवढे घटेल. 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते' हा समजही असाच फसवा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकापाशी पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचे स्थानक दोन्ही एकत्रच मुक्तपतनात असतात.

आता खाडीकडे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूचे पाणी अधिक जोराने ओढतो, पृथ्वीच्या केंद्राला त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाणी फुगते. म्हणूनच भरती एकदा नव्हे, दोनदा येते. पृथ्वीची एक फेरी होईतो चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकण किनाऱ्यावर याचे तोंडी गणित पूर्वापार आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, येईल त्या तासाच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हिशेब रोज ४५ मिनिटांचा धरलेला, शास्त्राच्या आकड्याला अगदी लागून.

सूर्याची पृथ्वीवरील एकूण ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे, तरीही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. भरतीला एकूण ओढ नव्हे, तर दोन बाजूंच्या ओढीतील फरक कारणीभूत असतो आणि दूरच्या सूर्याबाबत तो फरक थोडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोघांचा परिणाम एकत्र येतो, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास तो काटकोनात असतो, तेव्हा भांगाची भरती.

पावसाळ्यात हा धडा पुस्तकाबाहेर येतो. उधाणाने खाडी चढलेली असताना वर डोंगरात मुसळधार पाऊस झाला, तर गाढीच्या पाण्याला पुढे उतारच उरत नाही आणि ते सखल भागांत पसरू लागते. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा मुंबईत पावसाळ्याआधीच जाहीर होतात. पाऊस किती पडेल हे इतके आधी सांगता येत नाही. भरतीचे वेळापत्रक मात्र चंद्र-सूर्याच्या गतीवरून वर्षभर आधी मांडता येते.