कोड बाहेरचा, माहिती गावची

संगणकाच्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी माहिती कुठून मिळवली, याचा इतिहास बहुधा साधनांच्या क्रमाने सांगतात: आधी पुस्तक, मग सीडी, मग इंटरनेट. हा क्रम खरा असला तरी अपुरा आहे. नांदेडचेच पाहा: तिथे श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये आले, विद्यापीठ १९९४ मध्ये. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १९९५ ला सुरू झाले, तेही मोजक्या महानगरांत. नांदेड जिल्ह्यातल्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या बिलोलीसारख्या तालुक्यातल्या मुलाची भिस्त असे ती यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’सारख्या पुस्तकांवर, सीनियरच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या झेरॉक्सवर, नाहीतर हैदराबादच्या अमीरपेटमधल्या क्लासच्या नोट्सवर. १९९८ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ आले, पण त्याची मदत मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएन या वेगळ्या सीडीवर होती. ती बसवलेली नसली, तर एफ-वन दाबून मदत येत नसे. ‘एमएसडीएन पुन्हा बसवा’ असा संदेश तेवढा येई.

मात्र ही टंचाई कोड कसा लिहावा, याची होती. काय लिहावे, याची माहिती गावातच होती. सिस्टीम ॲनालिसिसचा अभ्यासक्रम मुलाखत, प्रश्नावली, निरीक्षण आणि कागदपत्रांची तपासणी असे मार्ग शिकवत आला आहे. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीचेच उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पट्टीवर वजन आणि भाव असतो. हमाली, तोलाई वजा होऊन रक्कम उरते. हमाली पोत्यामागे धरायची की क्विंटलमागे, हे मुनीमच सांगू शकतो. डेटाबेसची टेबले कशी असावीत, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीही तयार प्रोजेक्ट विकत मिळत, नाव बदलून जमा होत. मग जुन्या काळाचे गोडवे कशाला? आक्षेप रास्त आहे. शिवाय २००८ नंतर स्टॅक ओव्हरफ्लो, गिटहब आणि आयआयटी मुंबईचे मराठीतूनही उपलब्ध असलेले स्पोकन ट्युटोरियल यांनी बिलोली आणि पुणे यांच्यातले अंतर खरोखर कमी केले. हा न्याय मोठा आहे आणि तो मान्यच करायला हवा. पण म्हणूनच आता कोड मिळवण्याला गुण कमी आणि माहिती गोळा करण्याला जास्त हवेत. चॅटजीपीटी बिलिंगचा प्रोग्राम क्षणात देईल, पण मोंढ्यातला रिवाज विद्यार्थ्यानेच त्याला सांगावा लागेल. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हवा: कोणाला भेटलात, कोणता कागद पाहिलात?