विमानांचं कुंकू

आत्याचा डबा उघडला की आधी वास येतो. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या लोकरीचा आणि काळवंडलेल्या चांदीचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, झाकणावरचं चित्र कधीच पुसून गेलंय. कोलकात्यात बालीगंजच्या फर्न रोडवरच्या घरात तो पलंगाखाली असतो. मी पुण्याहून गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी, भातमाशांचं जेवण झाल्यावर, आत्या तो पायाने पुढे सरकवते आणि म्हणते, "शोन, उघड." साठहून जास्त वर्षांच्या संसारात तिचं मराठी असं झालंय. वाक्य नागपूरचं, मधला एखादा शब्द इथला; शोन म्हणजे ऐक.

डब्यात चार वस्तू. जरतारी ढालीचा एक बिल्ला, निळ्या बनातीवर उडणारा एक वाघ, आजोबांचा ए.आर.पी.चा, म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाच्या दलाचा बिल्ला आणि आजीने विणकाम-भरतकामाच्या हौसेपायी केलेला एक रुमाल. युद्धकाळातले सैनिकी बिल्ले जमवायचा नाद मला या डब्यापायी लागला. आज माझ्याकडे दोनशेच्या वर बिल्ले आहेत, पण त्यातला एकही या चारांच्या पासंगाला पुरत नाही.

आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. मुख्य कचेरी गार्डन रीचला, हुगळीच्या काठी. बिऱ्हाड मात्र बालीगंज स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. रोज ट्रामने खिदिरपूरपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. कचेरीच्या पलीकडे मेटियाब्रुझ. अवधचा नबाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गेल्यावर इथे येऊन राहिला, आणि त्याच्यामागोमाग लखनौचे शिंपी आणि जरीकाम करणारेही आले. मेटियाब्रुझमध्ये शिंप्यांच्या उस्तादाला ओस्तागर म्हणतात. आजोबांचा एक ओस्तागर ओळखीचा होता. ढालीचा बिल्ला त्याच्याकडचा की शेजारच्या अमेरिकनाकडचा, यावर आत्याचं आणि माझ्या वडिलांचं कधी एकमत झालं नाही.

ढाल ही चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान आघाडीची. खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या पट्टीवर चीनचा बारा किरणांचा पांढरा सूर्य आणि त्याच्या जोडीला हिंदुस्थानचा तारा. या आघाडीवरचे अमेरिकन डाव्या खांद्यावर ही ढाल लावत. अमेरिकेत यंत्रावर भरलेल्या ढाली सुती दोऱ्याच्या, सपाट आणि एकसारख्या असतात. पण हजारो मैलांवरून येणाऱ्या त्या मालाची वाट कोण बघणार? शिवाय जरीचा बिल्ला दिसायला देखणा. म्हणून चौरंगीच्या, न्यू मार्केटच्या आसपासच्या दुकानांतून शिपाई इथेच बिल्ले करून घेत. नमुना एक, हात शंभर. कुणाच्या सूर्याला अकरा किरण, कुणाच्या तेरा, कुणाचा तारा एका अंगाला कललेला.

आमच्या ढालीवर दबका आहे. दबका म्हणजे बारीक तारेची घट्ट गुंडाळलेली स्प्रिंग. कारागीर तिचे कात्रीने जवाएवढे तुकडे करतो, मण्यासारखे सुईत ओवतो आणि खाली पुठ्ठ्याचा किंवा दोऱ्याचा उठाव देऊन वर आडवे बसवतो. मी भिंग लावून मोजलं, एका ताऱ्यात असे त्रेसष्ट तुकडे आहेत. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडलीय, फक्त खोल बसलेल्या तुकड्यांच्या पोटात अजून उजेड आहे.

बिल्ला पुढून बघायचाच नसतो, हे मला फार उशिरा कळलं. ओळख मागच्या बाजूला असते. यंत्राच्या भरतकामाची पाठ नीटनेटकी, पुढच्या चित्राची उलटी छापच. हाताच्या कामाची पाठ म्हणजे कारागिराची वही. कुठे गाठ मारली, कुठे दोरा संपला, कुठे एका रंगाचा धागा तोडायचा कंटाळा करून तसाच पलीकडे ओढून नेला, सगळं तिथे लिहिलेलं. आमच्या ढालीच्या पाठीला खळ लावून कागद चिकटवलाय. एका कोपऱ्यात तो फाटलाय आणि आतून बंगाली छपाईची तीन अक्षरं दिसतात, तीही अर्धी. ती काय असतील याचा आम्ही खूप विचार केला. कागद सोडवून बघावा असं एका जाणकाराने सुचवलं होतं. मी हात लावू दिला नाही.

मी फसलेही आहे. एकदा एका दुकानातून, दुकान कुठलं ते सांगत नाही, असाच उडता वाघ मोठ्या किमतीला घेतला. घरी आणून अतिनील दिव्याखाली धरला तर पांढरे दोरे चांदण्यासारखे पेटले. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं पन्नासच्या दशकात सर्रास झाली. १९४४ च्या दोऱ्यात ती नसतात. तो वाघ माझ्याहून लहान निघाला.

डब्यातला वाघ मात्र दिव्याखाली गप्प राहतो. पिवळा पट्टेदार वाघ, पाठीला पंख, डोक्यावर तारा. अमेरिकेच्या चौदाव्या हवाई दलाची ही खूण. हे दल मार्च १९४३ मध्ये चीनमध्ये उभं राहिलं, जनरल शेनॉल्टच्या हाताखाली. त्याआधीच्या त्याच्या स्वयंसेवक वैमानिकांना 'फ्लाइंग टायगर्स' म्हणत, आणि त्यांचा पंखवाला वाघ तर डिस्नेच्या चित्रशाळेत काढलेला. वाघ बंगालचा, चित्र हॉलिवूडचं, लढाई चीनमधली, आणि बिल्ला शिवला पुन्हा बंगालमध्येच! चीनला जाणारा जमिनीवरचा रस्ता जपान्यांनी तोडल्यावर १९४२ ते १९४५ या काळात हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानांनी साडेसहा लाख टनांच्या आसपास माल वाहून नेला. त्या वाटेला वैमानिक 'हम्प' म्हणत, म्हणजे उंटाची मदार. त्या डोंगरांत शेकडो विमानं पडली. तिकडून सुट्टी मिळालेले लोक कोलकात्यात विसाव्याला येत.

आजोबांच्या बिऱ्हाडाशेजारचा बंगला सरकारने ताब्यात घेऊन अमेरिकनांना दिला होता. तिथल्या एकाने तिला वाघ दिला. "वैमानिक होता," असं ती आयुष्यभर सांगत आली. माझे वडील ते खरं मानायचे. मीही मानत होते. मग वाचत गेले तसं लक्षात आलं की खांद्यावरचा बिल्ला दलातल्या प्रत्येकाचा असतो. स्वयंपाकी, कारकून, लॉरीवाला, सगळे तोच वाघ लावणार. वैमानिक ओळखायचा तो छातीवरच्या चांदीच्या पंखांवरून. मी दोन वर्षं हे आत्याला सांगितलं नाही. शेवटी एका दुपारी नुसतं विचारलं, "आत्या, त्याच्या छातीवर पंख होते का गं?"

ती बराच वेळ गप्प बसली. पंख्याकडे बघत होती.

"पंख नव्हते," ती म्हणाली. "नखांत काळं असायचं. हाताला तेलाचा वास यायचा. मला वाटायचं, विमानाला हात लावला की असा वास येतो."

म्हणजे मेकॅनिक असावा. ऐंशी वर्षं जपलेला वैमानिक मी एका प्रश्नात काढून घेतला, म्हणून मला चुटपुट लागली. पण आत्या खूश दिसली. "मग तर बरंच," म्हणाली, "तो पडला नसेल."

आजोबांचा ए.आर.पी.चा बिल्ला साधाच. हवाई हल्ल्याच्या वेळी मोहल्ल्यात दिवे झाकलेत की नाही ते बघत हिंडायचं, एवढं त्यांचं काम. पण त्या बिल्ल्याबरोबर तारखा येतात. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री कोलकात्यावर पहिले जपानी बॉम्ब पडले. नाताळपर्यंत हल्ले चालू राहिले आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. हावडा स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेतला माणूस कुठे जाणार? आजोबा राहिले, म्हणून सगळे राहिले. रात्री विमान शोधून काढणारी, रडार बसवलेली बोफायटर विमानं जानेवारीत दमदमला आली. १५ जानेवारीच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग नावाच्या वैमानिकाने काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली. आत्या सांगते, दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या माशीमांनी, म्हणजे मावश्यांनी, शंख फुंकले. ५ डिसेंबर १९४३ ला मात्र भरदिवसा खिदिरपूरच्या गोदीवर बॉम्ब पडले, शेकडो माणसं गेली. रविवार होता. म्हणून आजोबा त्या ट्रामच्या वाटेवर नव्हते.

त्याच वर्षी दुष्काळ. बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं मेली असं मानतात. रासबिहारी अव्हेन्यूच्या फुटपाथवर, गडियाहाटच्या बाजाराबाहेर, बालीगंज स्टेशनच्या पायऱ्यांवर खेड्यांतून आलेली माणसं पडलेली असत. भात मागायचं बळही उरलेलं नव्हतं. "फ्यान दाओ, मा," एवढंच. फ्यान म्हणजे भाताची पेज. आजी तांदळात मुद्दाम पाणी जास्त घालायची, म्हणजे वाडगाभर पेज जास्त निघेल. ढालीवरची चांदी ज्या हातांनी टाचली त्या हातांच्या घरी त्या महिन्यात काय शिजत होतं, हे बिल्ल्यांच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. मी बिल्ला हातात घेते तेव्हा मला आधी तेच आठवतं. जरीच्या कामाने तेव्हा काही घरं जगलीही असतील.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. आत्याने बंगाली मुलाशी लग्न ठरवलं १९५८ मध्ये. नागपूरच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि इकडच्या सासरी "बर्गीची मुलगी" म्हणून कुजबुज झाली. भोसल्यांच्या घोडेस्वारांची आठवण बंगालने दोनशे वर्षं जपून ठेवलीय. तेव्हा आजी सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: देशाच्या हवाई दलाचा प्रमुख बंगाली आहे आणि त्याची बायको आपली पंडितांची शारदा आहे, त्यांचं चाललंय ना? एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी कोलकात्याचे, १९५४ पासून हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. त्यांचं आणि शारदा पंडित यांचं लग्न १९३९ सालचं. त्याच शारदाबाई पुढे रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि आंध्र प्रदेश, गुजरातच्या राज्यपालही झाल्या. आजी विमानांना घाबरायची, पण विमानवाल्यांची साक्ष काढायला तिला संकोच नव्हता.

आजीच्या बोलण्यात एक वाक्प्रचार होता. जुनी काही गोष्ट सांगायची तर ती सुरुवात करायची, "विमानांचं कुंकू पुसलं त्या सालची गोष्ट." लहानपणी मला वाटायचं, कुणा वैमानिकाची बायको विधवा झाली असेल. पुढे वाटलं, आजी आपली काहीतरी बोलते. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, खुणांच्या एका पुस्तकात विमानांच्या अंगावरची गोल चिन्हं बघत होते, तेव्हा उमगलं. इंग्रजांच्या हवाई दलाचं चिन्ह म्हणजे निळं, पांढरं आणि मध्ये लाल वर्तुळ. जपानी विमानांवर नुसता लाल गोळा. धावपळीत, उन्हात, लाल ठिपका दिसला की आपलीच तोफ आपल्याच विमानावर चालायची. म्हणून ब्रह्मदेश-हिंदुस्थानकडच्या विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला. आपल्या भारतीय तुकड्यांच्या विमानांवरचाही. आधी तिथे पांढरं राहिलं, मग फिकट निळं आलं. अमेरिकेनेही १९४२ च्या मे महिन्यात आपल्या ताऱ्यामधला लाल ठिपका पुसला. युद्धाच्या त्या काळात मैदानातला रेड रोड धावपट्टी झाला होता, तिथून हरिकेन विमानं उडत. आजोबा मुलांना ती दाखवायला न्यायचे. आजीनेही ती पाहिली होती, आधी आणि नंतर.

हे कळल्यावर मी चौथ्या वस्तूकडे वळले. पांढरा रुमाल, कोपऱ्यात गडद निळ्या दोऱ्याचं वर्तुळ, आत फिकट निळा गोल. आम्ही सगळे त्याला बिनपाकळ्यांचं फूल म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात तो आत्याच्या खिडकीशी नेला. अतिनील दिव्याखाली तो लखलखला आणि मी क्षणभर चरकले. मग आठवलं, आत्या तो दर दिवाळीला साबणाच्या पावडरीत धुते. दिव्यालाही सगळं कळत नाही.

उलटा केला. निळ्या वर्तुळाची पाठ स्वच्छ, एकसंध. मधल्या गोलाची पाठ मात्र दाटलेली, कापड चाळणीसारखं झालेलं, एका भोकाशेजारी दुसरं भोक. तिथे दोनदा भरलं होतं. भिंग अगदी जवळ नेलं. फिकट निळ्या टाक्यांच्या मुळाशी, उसवताना अडकून राहिलेले केसाएवढे चार-पाच तंतू होते. लाल.

मी भिंग आत्याच्या हातात दिलं. तिचा हात थरथरतो, म्हणून रुमाल मी धरला.

"हो," ती म्हणाली. "आईने माझ्यासमोर उसवलं. मी रडले होते, लालच छान दिसत होतं. तर म्हणाली, हा घेऊन तू गच्चीवर खेळतेस, वरून कुणी जपानी समजलं तर?" मग भिंग खाली ठेवत म्हणाली, "एवढासा रुमाल वरून दिसतो का गं? मी तेव्हाही तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, दिसला तर?"