पाखरांचा वाटा

आखाजीला कावळा शिवला नाही तर आमच्या आजोळी कुणी जेवत नसे. अक्षय्य तृतीया पंचांगात, खानदेशात आखाजीच. नवी घागर भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, पितरांच्या नावानं आगारी टाकायची आणि मग मामानं धाब्यावर पान ठेवून ‘काव काव’ करत उभं राहायचं. खाली खापरावरून मांडे उतरलेले, आमरस तयार, आम्ही पोरं कासावीस. मोठी माय मात्र हलू द्यायची नाही.

मोठी माय म्हणजे आईची आई. गाव तापीकाठी, शिरपूरकडचं. खळ्यावर दादर ज्वारी उफणून झाली की कोपऱ्यातलं सूपभर धान्य ती मुद्दाम झाडत नसे. “पाखरेसना बी वाटा शे,” एवढंच म्हणायची. आणि हीच बाई कणसात दाणा भरला की माळ्यावर चढून गोफण अशी फिरवायची की चिमण्यांचा थवा तिसऱ्या शेतात जाऊन पडे! शेतात असेल तोवर राखायचं, खळ्यात आलं की वाटायचं, असा तिचा हिशेब. पुण्याचं नाव तिनं कधी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

तिची कुणी आत्या जळगावात दिलेली, आणि त्या आत्यानं म्हणे बहिणाबाई चौधरींना जात्यावर गाताना ऐकलं होतं. खानदेशात निम्म्या घरांत अशी एक आत्या सापडते, म्हणून मी फार ताणत नाही. पण आसोद्याला जन्मलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई सुगरणीचा खोपा बघून गाणं रचते, ते मुलगा सोपानदेव जपतात आणि तिच्या माघारी, 1952 साली, त्याचं पुस्तक होतं, यात मोठ्या मायला काही नवल वाटत नसे. विहिरीवरच्या बाभळीला खोपे लोंबत असताना बाईमाणसानं दुसरं काय बघायचं, असं तिचं म्हणणं.

पिंगळ्याचं मात्र वेगळं. पहाटे कंदील घेऊन, कुडमुडं वाजवत पिंगळा जोशी आला की त्याला ओंजळभर ज्वारी मिळे. पण ज्याच्या नावावर तो पोट भरायचा तो पक्षी, ते छोटं घुबड, तिन्हीसांजेला परसातल्या निंबावर ओरडला, की घरात कुजबुज. आजारी माणसाचं नाव घेतो म्हणत. दगड मारायचीही सोय नाही. मारलेला दगड तो उचलून नेतो, नदीत झिजवतो आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो! कावळ्याला पितर वाचवत होते, पिंगळ्याला ही भीती. देवाधर्मानं पाखरं राखली असं आपण म्हणतो तेव्हा असल्या भीतीचा वाटा सांगायला विसरतो. आणि श्रद्धेची दुसरी बाजूही आहेच: जादूटोण्यापायी घुबडं मारलीही जातात.

त्याच पिंगळ्याचा रानातला भाऊबंद, रानपिंगळा, खानदेशच्या सातपुड्यात होता. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1880च्या दशकात इथूनच त्याचे नमुने नेले. 1884 नंतर शंभरावर वर्षं तो कुणाला दिसलाच नाही. मधे मायनरत्झहागेन नावाच्या साहेबानं 1914 साली गुजरातेत मिळवला म्हणून सांगितलं, पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीला आणली, खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धरली आणि नोव्हेंबर 1997मध्ये दोन सोबत्यांसह शहाद्याजवळच्या सागवानात तो पुन्हा पाहिला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि पक्षी भर दिवसा फांदीवर बसलेला. राहतो मोठ्या झाडांच्या ढोलीत, म्हणजे जुनं झाड तुटलं की त्याचं घर गेलं. डोंगरउतारावरचं रान शेतासाठी तुटतंय, तिथे भीतीही पुरत नाही.

ही बातमी मी मोठ्या मायला वाचून दाखवली होती. त्याच वर्षी की पुढच्या, ते नीट आठवत नाही. तिला परदेशी बाईचं कौतुक नव्हतं. तो खातो काय, एवढंच तिनं विचारलं. सरडे, नाकतोडे, उंदीर, मी सांगितलं. उंदीर म्हटल्यावर ती जरा थांबली. मग त्याला खळ्यावर बसू द्यायला हरकत नाही, म्हणाली. परसातल्या निंबावर मात्र नको.