पांढरीवरची पट्टी आणि आपलं नाव

मार्च लागला की आपल्या दारात ग्रामपंचायतीचा शिपाई पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. घरधनी शेतात किंवा कामावर. मग आपणच डब्यातले पैसे काढतो, गटाच्या बचतीतून उचल घेतो आणि पट्टी भरून मोकळ्या होतो. पावती देवळीत खोचली की वर्षभर ती कुणी पाहत नाही. आम्ही मात्र गेल्या वर्षी गटाच्या बैठकीत सगळ्यांच्या पावत्या एकत्र मांडल्या आणि वाचायला बसलो. त्यातून ही पट्टी आली कुठून, हे शोधायची ओढ लागली.

आपल्या जुन्या गावात जमिनीचे दोन भाग मानत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. घरांच्या भिंती पडून, चुलीची राख मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते. धाब्याच्या घरावर टाकायला आपल्या आज्या हीच माती आणत. काळीवर शेतसारा होता, तसे पांढरीवर राहणाऱ्यांवरही कर होते. मराठेशाहीच्या कागदांत घरपट्टी आणि मोहतर्फा हे शब्द सापडतात. मोहतर्फा म्हणजे धंदा करणाऱ्यांवरचा कर. साळी, तेली, दुकानदार या सगळ्यांना तो लागे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यातला मोहतर्फा 1844 च्या कायद्यानं बंद केला. घरावरची पट्टी मात्र पुन्हा पुन्हा नव्या रूपात येत राहिली.

लोकांनी ती नेहमी निमूट भरली असं नाही. आम्हाला सगळ्यात आवडली ती काशीची हकिगत. कंपनी सरकारनं 1810 मध्ये तिकडच्या शहरांत घरांवर कर बसवला. काशीच्या लोकांनी दुकानं बंद केली, घरांना कुलपं घातली आणि सगळे शहराबाहेरच्या मैदानात जाऊन बसले. तेही ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीत. या सगळ्यात लोहार पुढे होते. कामं इतकी थांबली की अंत्यविधी करणारेही मिळेनात, असं खुद्द इंग्रज अधिकाऱ्यानं वर लिहून कळवलं. दंगा नाही, मारामारी नाही, नुसतं बसून राहणं. सरकारनं आधी दमदाटी केली, मग थोड्या सवलती दिल्या आणि शेवटी तो कर मागे घेतला. त्या मैदानात इतक्या लोकांची चूल कुणी पेटवली असेल, हे आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही. पण तुम्हा-आम्हाला ते सांगायला नको.

आपल्याकडे 1920 मध्ये मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचा कायदा झाला, आणि पुढं 1958 चा कायदा आला. तोच आज आपल्याला लागू आहे. त्याच्या कलम 124 प्रमाणे घरावर आणि गावठाणातल्या जागेवर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. म्हणजे ही पट्टी मुंबईला किंवा दिल्लीला जात नाही. दिवाबत्ती, गटार, सफाई यांचा खर्च यातूनच व्हायचा असतो. म्हणून ग्रामसभेत हिशेब विचारायचा.

किती पट्टी, हे ठरवण्याची रीतही बदलत गेली. 1999 मध्ये नियम बदलून घराच्या क्षेत्रफळावर आकारणी आली. त्यावर लोक उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर डिसेंबर 2015 मध्ये नवे नियम निघाले. आता भांडवली मूल्य धरतात. जागेचा सरकारी दर, बांधकामाचा दर, घर किती जुनं, मातीचं की स्लॅबचं, राहतं की दुकानाचं, हे सगळं पाहून किंमत काढतात आणि तिच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर लावतात. म्हणून शेजारणीचं घर तेवढंच असून तिची पट्टी कमी का, असं विचारताना आधी तिचं घर मातीचं आहे का ते बघा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा यादी लावून हरकती मागवाव्या लागतात. आमच्या बैठकीत एकीच्या घराला नसलेला वरचा मजला लावलेला निघाला, आणि चार वर्षं ती त्याचेही पैसे भरत होती!

आता मुख्य गोष्ट. पावती असते नमुना 10. ती निघते नमुना 8 वरून, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीवरून. त्या बैठकीत आमच्यापुढे चौदा पावत्या होत्या. पैसे भरणाऱ्या चौदाही बायका. बाईचं नाव होतं फक्त दोन पावत्यांवर. तिघींच्या पावत्या तर वारलेल्या सासऱ्यांच्या नावानं निघत होत्या.

त्यातल्या एका ताईचे मालक सहा वर्षांपूर्वी गेले. दिरानं सांगितलं, घर बाबांचं आहे, तुझं नाव कुठं आहे? ताईंनी पत्र्याच्या पेटीतून अकरा वर्षांच्या पावत्या काढल्या, पिशवीत घालून जपलेल्या. सगळ्या सासऱ्यांच्या नावच्या. भरलं कुणी, हे पावतीवर लिहिलेलं नसतं.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावावं, असं राज्य सरकारनं 2003 मध्येच ठरवलं आहे. ‘घर दोघांचे’ या नावानं ते ओळखलं जातं. त्याला वीस वर्षं उलटली तरी आमच्या चौदा जणींत दोनच. नवऱ्याच्या संमतीचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा आणि नाव लागलं की नमुना 8 चा उतारा मागायचा. आमच्यातल्या काहींच्या घरी यावरून रुसवेफुगवे झाले. “आता काय मला घराबाहेर काढतीस का?” असं एका मालकांनी विचारलं. सही मात्र केली.

एक खरं सांगायला हवं. नमुना 8 ची नोंद कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असते; मालकीचा पक्का पुरावा म्हणून कोर्ट ती एकटी धरत नाही. पण हक्क सांगताना ती हातात असणं आणि नसणं यात फरक पडतो. शिवाय आता गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. पुण्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात त्याचा आधी प्रयोग झाला आणि 2020 पासून स्वामित्व योजना म्हणून देशभर काम सुरू झालं. मोजणीनंतर चौकशी होते, तेव्हा कुणाचं नाव लावायचं ते विचारतात. त्या दिवशी घरी पुरुष माणूसच असेल तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या त्या ताईंनी वारस नोंदीचा अर्ज दिला आहे, सोबत अकराही पावत्यांच्या प्रती जोडून. पुढच्या मासिक सभेत तो विषय आहे. आम्ही तेराजणी बरोबर जाणार आहोत.