फूल, धोटा आणि थॉमस चषक

भोरात आम्ही बॅडमिंटन कधी म्हटलंच नाही. आम्ही 'फूल-रॅकेट' खेळायचो. गोठ्याच्या मेढीपासून शेवग्याच्या बुंध्यापर्यंत एक दावं ताणलं की झाली जाळी. खेळ सुरू व्हायचा तो दिवाळीनंतर. त्याआधी पाऊस, आणि पाऊस उघडला तरी नीरेच्या अंगाने येणारा वारा. वाऱ्याने फूल कौलावर नेऊन बसवलं की ते कळकाच्या काठीने काढण्यातच खेळापेक्षा जास्त वेळ जायचा. वेल्ह्याला मामाकडे गेलं की तोरण्यावरून उतरणारा वारा आणखी दांडगा. तिथल्या पोरांनी फुलाच्या बुचात चक्क खिळा ठोकलेला मी पाहिला आहे. वजन यावं, फूल उडून जाऊ नये, म्हणून.

ही युक्ती आमच्या मामेभावाची असंच मी पुष्कळ वर्षं धरून चाललो होतो. मग वाचनात आलं की दीडशे वर्षांपूर्वी उघड्यावर खेळणारे गोरे लष्करी अधिकारीही फुलाला शिसं लावून जड करत. रबराचा लेपही देत. वारा फार असला किंवा ओल असली, तर फूल बाजूला ठेवून लोकरीचा चेंडू घेत. तंजावरकडे तो लोकरीचा चेंडू टिकला आणि त्यातून बॉल-बॅडमिंटन हा वेगळाच खेळ झाला. या खेळाच्या घडणीत माणसांइतकाच वाऱ्याचा हात आहे, असं माझं ठाम मत आहे.

फूल तळहाताने किंवा फळीने उडवत ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही, हा खेळ जगात फार जुना. त्यात हार-जीत नव्हती, दोघांनी मिळून ते हवेत ठेवायचं एवढंच. मध्ये जाळी आली आणि दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. हे घडलं ते इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत, आणि त्यांत पुण्याची छावणी एवढी पुढे होती की खेळाला 'पूना' हेच नाव पडलं. नियम पहिल्यांदा बांधले गेले तेही पुण्यातच. रजेवर किंवा निवृत्त होऊन परतणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते सामानाबरोबर विलायतेला नेले. १८७५ पर्यंत फोकस्टन या किनाऱ्यावरच्या गावात त्यांचा क्लबही निघाला होता. ग्लॉस्टरशरमध्ये ड्यूक ऑफ बोफर्टचा 'बॅडमिंटन हाउस' नावाचा वाडा आहे. खेळाला पुढे त्या वाड्याचं नाव चिकटलं आणि पूना मागे पडलं. आमच्या वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तरी माणसं एसटीत बसून वेल्ह्यालाच जातात. खेळाच्या बाबतीत मात्र जुनं नाव तोंडी ठेवणारं कुणी उरलं नाही.

नाव गेलं, तरी पुण्याचे नियम १८८७ पर्यंत चालले. त्या वर्षी बाथ क्लबच्या हार्ट यांनी ते नव्याने लिहिले. १३ सप्टेंबर १८९३ रोजी पोर्ट्समथच्या 'डनबार' नावाच्या घरी इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. 'ऑल इंग्लंड' ही स्पर्धा १८९९ साली सुरू झाली. ती पहिली स्पर्धा एका दिवसात आटोपली, तिच्यात फक्त दुहेरीचे सामने होते, आणि ती भरली कुठे, तर लंडनमधल्या एका पलटणीच्या कवायतीच्या हॉलमध्ये. खेळासाठी बांधलेली जागा नव्हतीच. वारा लागू नये एवढं छप्पर कुणाचं तरी मागून घेतलं. हे आवर्जून सांगतो आहे, कारण शेवटी मला त्याच्यावरच यायचं आहे.

आता थॉमस चषकाकडे. सर जॉर्ज थॉमस हा माणूस मोठा विलक्षण. बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची एकवीस विजेतेपदं, त्यांतली चार एकेरीतली. टेनिसमध्ये विंबल्डनपर्यंत मजल. शिवाय बुद्धिबळात दोनदा ब्रिटनचा विजेता, आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांका व बोटविनिक या दोघांना हरवणारा. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला तेव्हा पहिले अध्यक्ष तेच झाले. टेनिसला डेव्हिस चषक आहे, तर देशादेशांच्या पुरुष संघांसाठी आपल्याकडेही एक असावा, ही कल्पना त्यांनी १९३९ मध्ये मांडली आणि चषकही दिला. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पहिली स्पर्धा व्हायला १९४८-४९ उजाडलं. अंतिम सामना इंग्लंडमध्ये प्रेस्टनला झाला आणि मलायाने डेन्मार्कला ८-१ ने धुतलं. तेव्हा एका लढतीत नऊ सामने असत, पाच एकेरी आणि चार दुहेरी. १९८४ पासून ते पाचावर आले, आणि तीन वर्षांनी भरणारी स्पर्धा दोन वर्षांनी भरू लागली.

भारत या चषकात १९५२, १९५५ आणि १९७९ अशा तीन वेळा उपांत्य टप्प्याला पोहोचला आणि तिथूनच परतला. पहिल्या दोन वेळांच्या काळातलं मोठं नाव म्हणजे नंदू नाटेकर, आपल्या सांगलीचे. पोरवयात ते टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. टेनिसच्या त्या एका पराभवाचे बॅडमिंटनवर फार मोठे उपकार आहेत. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. राष्ट्रीय एकेरी त्यांनी सहा वेळा जिंकली. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांना मिळाला. जुलै २०२१ मध्ये पुण्यातच ते गेले. चषक त्यांच्या डोळ्यांना दिसला नाही, ही हुरहुर माझ्या मनातून जात नाही.

पुण्याचं आणखी एक घर सांगायला हवं. संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटचे महर्षी दि. ब. देवधर यांच्या सुंदर, सुमन आणि तारा या तिन्ही मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवलं. क्रिकेटच्या देवधर करंडकामुळे वडील सगळ्यांना ठाऊक आहेत. मुलींची आठवण तेवढी निघत नाही, आणि ती निघाली पाहिजे.

१५ मे २०२२. बँकॉक. थॉमस चषकाचा अंतिम सामना. समोर चौदा वेळा चषक नेलेला इंडोनेशिया. लक्ष्य सेन पहिला गेम ८-२१ असा हरला आणि पुढचे दोन्ही जिंकला. दुसरा सामना दुहेरीचा, मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रचा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी. तेही पहिला गेम हरले, दुसरा २३-२१ ने खेचून आणला, तिसरा २१-१९. मग एकेरीत किदंबी श्रीकांतने सरळ दोन गेममध्ये काम संपवलं. ३-० ने चषक भारतात. त्याआधी तो मलेशिया, इंडोनेशिया, चीन, जपान आणि डेन्मार्क या पाचच देशांकडे गेला होता. भोरच्या घरी टीव्हीसमोर मी उभाच होतो, बसणं जमलं नाही.

फुलाला इंग्रजीत म्हणतात तो शटल हा शब्द मागावरचा. विणकर ज्याला धोटा म्हणतो, तो ताण्यातून इकडून तिकडे पळणारा लाकडी नावेसारखा तुकडा, तेच इंग्रजीत शटल. पुण्याहून फोकस्टन, तिथून लंडन, मलाया, आणि बँकॉकहून पुन्हा इकडे असा फेरा या फुलाने घातला. त्यात पुण्याजवळची खेडी कुठे? पुण्याच्या बालेवाडीत २००८ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धा झाली आणि सायना नेहवालने तिथे मुलींची एकेरी जिंकली. तो हॉल भोरपासून दोन तासांच्या आत आहे, पण रोज शाळा सुटल्यावर जाण्याइतका जवळ नाही.

भोर-वेल्ह्यात आषाढ-श्रावणात घराबाहेर फूल उडवता येत नाही. त्याच दिवसांत चातुर्मास असतो, लग्नं नसतात, आणि आमच्याकडची मंगल कार्यालयं कुलपं लावून रिकामी पडलेली असतात. कोर्टाला जागा लागते चव्वेचाळीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. जाळी मध्यावर पाच फूट. सोळा पिसांचं फूल साडेपाच ग्रॅमच्या आत बसतं, त्याने भिंत-फरशी काही खराब होत नाही. ज्यांच्या कार्यालयाचं छप्पर उंच आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. संध्याकाळचे दोन तास कुलूप काढा. खाली चुन्याच्या चार रेघा आम्ही मारून देऊ, आणि तुळशीच्या लग्नाआधी पुसूनही देऊ.