कुणकेश्वरला करण्यासारखं काय आहे?

"तुमच्याकडे येऊन माणसाने करायचं काय?" हा प्रश्न आमच्या दादाला गेल्या डिसेंबरात एका पाहुण्याने विचारला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. कुणकेश्वरला राहतो, थोडी आंब्याची कलमं आहेत आणि जुन्या घराच्या दोन खोल्या तो पर्यटकांना देतो. पाहुणा पुण्याचा, माझ्यासारखाच आयटीतला, पण माझ्यापेक्षा बराच वर पोचलेला. आदल्या वर्षी सहकुटुंब कॅरिबियनला जाऊन आलेला. तिथे म्हणे व्हिलामध्ये टेबलावर एक फाईल ठेवलेली असते. पोहायचं कुठे, बुडालेलं जहाज कुठे बघायचं, चाच्यांचा किल्ला कुठला, मासे कुठे खायचे, सगळं लिहिलेलं. "तुम्ही पण असं काहीतरी ठेवा की!"

दादाने रात्री मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवालो मा? मगे तूच लिवन दी."

कॉम्प्युटर आणि लिखाण यांचा काही संबंध नाही हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. कुणकेश्वर या दोघांच्या बरोबर मधे. एक उत्तरेला, एक दक्षिणेला, दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. पाहुणे वाढणार ही दादाची अटकळ काही चुकीची नव्हती. म्हटलं, एक शनिवार-रविवार घालवू.

आता इंजिनिअर माणूस कोऱ्या पानावरून कधी सुरुवात करत नाही. आधी कुणाचं तरी जुनं घ्यायचं, मग त्यात बदल करायचे. म्हणून मी कॅरिबियन बेटांवर काय काय करावं याच्या याद्या वाचत बसलो, आणि तिथेच अडकलो.

डोमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्यापाशी कॅटालिना नावाचं छोटं बेट आहे. तिथे उथळ पाण्यात, जेमतेम दहा फुटांवर, एका जहाजाचे अवशेष आहेत. २००७ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या लोकांनी ते ओळखले आणि २०११ पासून ती जागा पाण्याखालचं संग्रहालय झाली. लोक तोंडाला नळी लावून वरून तरंगत तोफा बघतात. जहाजाचं नाव 'केदा मर्चंट'. आणि हे जहाज आपलं आहे! आपलं म्हणजे हिंदुस्थानी. त्याच्या लाकडाची तपासणी झाली तेव्हा तो पश्चिम भारतातला साग निघाला.

गोष्ट अशी. विल्यम किड या कप्तानाला इंग्लंडच्या राजाने चाच्यांना पकडण्याचा परवाना देऊन पाठवलं होतं. १६९७ मध्ये तो आपल्या किनाऱ्यावर आला, कारवारला थांबला. चाचे काही हाती लागेनात, खलाशी पगारासाठी कटकट करू लागले. जानेवारी १६९८ मध्ये कोचीच्या बाजूला त्याला 'केदा मर्चंट' सापडलं. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेलं, रेशीम, मलमल, साखर असा माल भरलेलं. जहाजाकडे फ्रेंच परवाना होता, फ्रान्सशी तेव्हा युद्ध चालू, म्हणून ही लूट कायदेशीर असं किडचं म्हणणं. सुरतेत मुघलांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या नरडीला हात घातला, तेव्हा इंग्लंडला किड अचानक चाचा वाटायला लागला. त्याने स्वतःचं गळकं जहाज मादागास्करला सोडलं आणि लुटलेलंच जहाज घेऊन कॅरिबियन गाठलं. १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिलं. खटल्यात त्याला ते फ्रेंच परवाने हवे होते, ते काही मिळाले नाहीत. दोनशे वर्षांनी मिळाले, सरकारी दप्तरात!

म्हणजे परवाना असेल तर अधिकारी, परवाना हरवला तर चाचा. लॉगिन चालत नाही म्हणून आपल्याच ऑफिसच्या दारात उभा राहिलेला मी या माणसाकडे थोडं सहानुभूतीने बघतो... पण फार नाही.

कारण हाच शब्द इंग्रजांनी आपल्या आंग्र्यांनाही लावला. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपलं दस्तक घ्यावं असं ते म्हणत. यात नवीन काय होतं? पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून या समुद्रात कर्ताज नावाची हीच पद्धत चालवली होती. पण पोर्तुगीजांनी मागितला तर परवाना, आंग्र्यांनी मागितला तर चाचेगिरी. तिकडे जमैकात हेन्री मॉर्गनने १६७१ मध्ये पनामा लुटलं, त्याला तीन वर्षांनी 'सर' केलं आणि जमैकाचा उपराज्यपाल नेमलं. कॅरिबियनला आज त्याच्या नावाची रम मिळते. विजयदुर्गावर इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये हल्ले केले, दोन्ही फसले. शेवटी फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह आले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळलं. या स्वारीत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे वाक्य मी कितीदा वाचलंय, पण दर वेळी डोळे तिथे थांबतात. आपलंच आरमार, आपल्याच संमतीने. पुढच्याच वर्षी क्लाइव्ह प्लासीला पोचला.

तर पाहुण्यांच्या कागदावर पहिली ओळ झाली: विजयदुर्गला जा, पण तटावरून खाडीकडे बघत उभे राहा. आरमार तिथे होतं.

दुसरी ओळ लिहिताना मात्र भांडण झालं.

विजयदुर्गात 'साहेबाचे ओटे' आहेत. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय की १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम शोधला. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवससुद्धा साजरा होतो. मी तारखा जुळवायला बसलो आणि काहीच जुळेना. १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहण झालं हे खरं, त्याची सावली हिंदुस्थानावरून गेली हेही खरं. पण त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियर होता इंग्लंडात. त्याने ग्रहण नसताना, तिकडूनच, २० ऑक्टोबरला सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याचा तर्क निघाला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्से यांना.

मग विजयदुर्ग यात आला कुठून? तर लॉकियर विजयदुर्गाला खरंच आला होता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला! इंग्रजी आरमाराच्या 'मेलपोमीनी' जहाजावरचे खलाशी मदतीला, मोठमोठे कॅमेरे, सगळा लवाजमा. त्याच ग्रहणाला आपले नायगमवाला पुण्याहून जेऊरला गेले होते. थोडक्यात, साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. वर्ष तीसने चुकलं आणि त्या चुकीत अख्खं मूलद्रव्य आलं. ओटे या १८९८ च्या मुक्कामाचे असावेत असं मला वाटतं.

मी हे सगळं उत्साहाने दादाला सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता.

"असा लिवलंस तर कोण येतलो हय?"

मी म्हटलं, खोटं लिहून आलेला माणूस घरी जाऊन मोबाईलवर तपासतो. मग तुझे आंबे तरी देवगडचे आहेत का, इथपासून त्याला शंका येते. हा मुद्दा त्याला थोडासा लागला. पण दादा काही कच्चा नाही. त्याने उलट विचारलं, "मगे देवळाची गजाल पण काढून टाक! तिका खय पुरावो हा?"

देवळाची गजाल म्हणजे कुणकेश्वरची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. एक परदेशी मुसलमान व्यापारी तुफानात सापडला. काळोखात किनाऱ्यावर त्याला एक दिवा दिसला. वाचलो तर इथे देऊळ बांधीन असं तो बोलला, वाचला, आणि त्याने शब्द पाळला. पण आता आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत म्हणून देवळावरूनच त्याने उडी टाकली. त्याची म्हणून एक कबर देवळाजवळ आजही दाखवतात. देवळाजवळची एक गुहा, तिच्यातले दगडात कोरलेले मुखवटे, ओहोटीला उघडी पडणारी खडकातली शिवलिंगं, यातल्या प्रत्येकाची अशीच एक गोष्ट आहे.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी, क्लायंटच्या मीटिंगमध्ये (नेहमीप्रमाणे), सुचलं. व्यापाऱ्याची गोष्ट सांगणारा 'असं सांगतात' म्हणतो. तो ना तारीख देतो ना नाव. आणि हेलियमची गोष्ट नाव, तारीख, जागा सगळं देते. म्हणजे तीच स्वतःहून सांगते, मला तपासा. शिवाय त्या व्यापाऱ्याच्या गोष्टीतली एक गोष्ट मला खोटी वाटतच नाही. ज्या गावाने आपल्या देवळाचं श्रेय एका परक्या, परधर्मी माणसाला दिलं आणि त्याची कबर शेकडो वर्षं सांभाळली, त्या गावाबद्दल ती पुराव्यापेक्षा जास्त काहीतरी सांगते. हल्ली तर मला ती फारच महत्त्वाची वाटते.

दादा म्हणाला, "ता लिव." लिहिलं.

बाकीचं पटापट झालं. पोहायच्या आधी गावातल्या माणसाला विचारा, हा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात. पाण्याखालचं बघायचं असेल तर मालवण-तारकर्लीला सोय आहे, 'केदा मर्चंट' नाही मिळणार पण मासे भरपूर. सकाळी वहिनीचे घावणे, दुपारी बांगडा किंवा तिसऱ्या मिळतील तसं, आणि सोलकढी मागावी लागत नाही, येतेच. महाशिवरात्रीला यायचं तर गर्दीची तयारी ठेवा, गावोगावचे देव पालख्यांतून समुद्रस्नानाला येतात, आणि एवढं मोठं दृश्य कुठल्याही व्हिलातून दिसत नसेल.

आणि मी माझ्याकडून एक भर घातली. संध्याकाळी देवळामागच्या भिंतीवर बसा, काही करू नका. आमचे आजोबा याच किनाऱ्यावरून देवगडला गेले आणि होडीतून आगबोटीवर चढून मुंबईला नोकरीला लागले. आगबोटी आता नाहीत. मी गगनबावडा उतरून गाडीने येतो आणि रविवारी रात्री परत पळतो.

मार्चमध्ये गेलो तेव्हा कागद छापून, प्लास्टिकमध्ये घालून खोलीत लावलेला होता. माझी ओळ जशीच्या तशी होती: लॉकियर १८९८ मध्ये विजयदुर्गाला आले होते, हेलियम त्याआधीच सापडला होता. त्याच्याखाली, प्लास्टिकवरूनच, दादाने मार्करने लिहिलं होतं:

"तरी ओटे बघून येवा."