चिमूटभर सोड्याचा इतिहास

मृत्पात्रांचा इतिहास सांगतांना बहुधा अग्नि, रंग आणि झिलई यांचेंच कौतुक होतें. मातींत मिसळलेल्या पाण्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. वस्तुतः मातींत पाणी किती असावें, या एका प्रश्नानें कुंभारांच्या पिढ्यान् पिढ्या गुंतवून ठेविल्या होत्या.

ओतीव भांडें कसें होतें, हें आधीं पाहूं. पाण्यांत कालविलेली माती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सांच्यांत ओततात. हा पातळ काला म्हणजेच कारखान्यांतील ‘स्लिप’ होय. सांचा पाणी शोषून घेतो व त्याच्या आंतल्या अंगास मातीचा थर जमतो. थर पुरेसा जाड झाला कीं उरलेला काला ओतून टाकतात. इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत ही रीति अठराव्या शतकाच्या मध्यास रुळली. राल्फ डॅनियल या कुंभारानें सुमारें १७४५ सालीं प्लास्टरच्या सांच्यांची विद्या फ्रान्समधून आणिली, असें सांगतात.

परंतु या रीतींत एक मोठी अडचण होती. काला घट्ट ठेवावा तर तो सांच्याच्या कानाकोपऱ्यांत पोंचत नसे. पाणी वाढवावें तर सांचा लवकर भिजून जाई, आणि भांडें सुकतांना आकसून तडकत असे. मोठ्या व जाड वस्तु ओतणें त्यामुळें कठीणच राहिलें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनभाषिक प्रदेशांतील कारखान्यांत हें कोडें सुटूं लागलें. पाण्याचा थेंबही न वाढवितां काल्यांत थोडा धुण्याचा सोडा घातला, कीं दह्यासारखा घट्ट काला ताकासारखा वाहूं लागतो! शंभर किलो कोरड्या मातीस २०० ते ५०० ग्रॅम सोडा किंवा सोडियम सिलिकेट बहुधा पुरें होतें. मग वजनांत २५ ते ३० टक्केच पाणी असलेला काला सुखानें ओततां येतो. हात धुण्याच्या मोठमोठ्या चिनी मातीच्या कुंड्या विसाव्या शतकांत सांच्यांतून निघूं लागल्या, त्या याच युक्तीच्या बळावर.

याचें कारण मातीच्या कणांत आहे. हे कण अतिसूक्ष्म पत्र्यांसारखे असून त्यांच्या पृष्ठांवर ऋण, तर कडांवर पुष्कळदां धन विद्युत्भार असतो. म्हणून कडा पृष्ठांस चिकटतात, पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना होते, आणि तींत पाणी कोंडून राहतें. मातींतील कॅल्शियम ही मिठी अधिकच घट्ट करितें. सोडा कॅल्शियमला बाजूस सारतो. मग कण एकमेकांस दूर लोटूं लागतात व कोंडलेलें पाणी मोकळें होतें. मात्र प्रमाण चुकलें आणि सोडा अधिक पडला, तर काला पुन्हा घट्ट होतो.

असेंच कार्य इतर पदार्थही करितात. अमेरिकन संशोधक एडवर्ड अॅचेसन हे १९०१ च्या सुमारास ग्रॅफाइटच्या मुशींसाठीं चांगली माती शोधीत होते. टॅनिननें माती सुधारते, हें त्यांस आढळलें. तेव्हां त्यांना बायबलांतील ती कथा आठवली, जींत ईजिप्तचा राजा इस्रायली मजुरांस विटांसाठीं पेंढा देण्याचें बंद करितो. अॅचेसन यांनीं पेंढ्याचा अर्क मातींत घालून पाहिला, आणि माती अधिक लवचिक व बळकट झाली. त्या मातीस त्यांनीं ईजिप्तचेंच नांव दिलें.

याहून बोलकें उदाहरण अथेन्सचें आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या व पांचव्या शतकांत तेथील कलशांवर जी काळी तकाकी चढे, ती पुढें लुप्त झाली. मागून आलेल्यांस ती कशी करावी हें कळेना. थिओडोर शूमान या जर्मन रसायनज्ञानें १९४२ सालीं दाखवून दिलें, कीं तो निराळा रंग नव्हताच. क्षाराच्या साहाय्यानें मातीचे कण सुटे करून त्यांतील अतिसूक्ष्म भाग वेगळा काढावा व भट्टींतील हवा योग्य वेळीं पालटावी, म्हणजे तीच तकाकी उमटते.

अथेन्सच्या कारागिरास कृति ठाऊक होती. परंतु तिचें मर्म कोठेंही लिहून ठेवलेलें उरलें नाहीं, आणि परंपरा तुटतांच विद्याही गेली. सोड्याची युक्ति मात्र कारणासह नोंदली गेली, म्हणून ती देशोदेशीं पसरली. हात शोध लावतो, पण तो टिकवितें तें लेखन. आमच्या कुंभारवाड्यांत मातींत राख व घोड्याची लीद मळण्याची रीत आहे. ती पाहणाऱ्या सुशिक्षितानें क्षणभर थांबून ‘असें कां?’ म्हणून विचारावें. उत्तर कुंभाराच्या बोटांत असेल. तें शब्दांत उतरविण्याचें काम विचारणाऱ्याचें आहे.